मी न भिजवलेला टॉवेल

पाटोद्यात माझं फ्रिज आणि कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यात 'आपोआप' हा शब्द मला सगळ्यात जास्त छळतो. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, काही नाही हो, चालू होता, आपोआप बंद पडला. आपोआप काही होत नसतं. मोटारीची वाइंडिंग जळालेली असते, नाहीतर पंपात कचरा अडकलेला असतो, नाहीतर घरातल्याच कोणीतरी बटण मोडलेलं असतं आणि ते कोणी कबूल करत नसतं. एकवीस वर्षं मी लोकांच्या 'आपोआप'मागचं कारण शोधतोय आणि ते दर वेळी सापडलंय.

त्यामुळे या सदरातले अनुभव मी वाचायचो ते गंमत म्हणून. वाचून झालं की बायकोला म्हणायचो, या माणसाने नीट तपासलेलंच नाही... आज मीच लिहायला बसलोय, आणि तुमच्यातलं कोणीतरी माझ्याबद्दल तेच म्हणणार. म्हणा. फक्त मी काय काय तपासलं तेही वाचा आणि मग म्हणा. दोन वर्षं झाली या गोष्टीला. भीती वगैरे मला कधीच वाटली नाही. राग येतो, तो अजून येतो.

माझा मोठा भाऊ — आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणतो — आधी टेम्पो चालवायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी बीडला डायलिसिस. ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगतो. किडनी बंद म्हणजे लघवी जवळपास बंद. प्यालेलं पाणी अंगातच साठतं. आधी पाय सुजतात, मग ते छातीत भरतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरायला लागतो. म्हणून पाण्याला माप. भाऊला दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, आमटी आणि गोळ्या गिळायचं पाणी. पहिल्या उन्हाळ्यात त्याने माप मोडलं तेव्हा तीन दिवस आयसीयूत काढावे लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असं झालं तर कदाचित इथवर आणताही येणार नाही. हे मी भाऊला सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. एकटाच घेऊन फिरत राहिलो.

आता हे पथ्य आमच्याकडे मे महिन्यात पाळून दाखवा.

आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी तांब्या देतात, कोण-कुठले ते नंतर विचारतात. आणि समोर आलेल्या पाण्याला नाही म्हणायचं नसतं. भाऊने याचा पुरेपूर फायदा घेतला. दुपारी चपला घालायचा आणि निघायचा... या ओट्यावर टेक, त्या दारात बस. त्याने मागितलं असं कोणी म्हणू शकणार नाही, मागायची गरजच पडायची नाही. शेवटी मी गल्लीत घरोघर सांगत फिरलो की भाऊला पाणी देऊ नका. लोक हो म्हणायचे आणि द्यायचे. एक म्हातारी तर मला तोंडावर म्हणाली, "सख्ख्या भावाचं पानी तोडतोस, कुटं फेडशील हे?" मी तिला किडनी समजावून सांगायला बसलो. ती उठली आणि आतून माझ्यासाठी तांब्या घेऊन आली. मीही प्यालो, काय करणार.

डायलिसिसची वेळ दुपारी दोनची. सकाळच्या पाळीसाठी कितीदा नाव दिलं, पण तिथे आधीच रांग. म्हणजे ऐन बाराला घरातून निघायचं. बाराची एसटी येते तेव्हा येते. जीप भरेपर्यंत हलत नाही, आणि भरली की त्यात श्वास घ्यायला जागा नसते — एकदा भाऊला आत भोवळ आली आणि सगळ्यांच्या अंगावर उलटी झाली. दर खेपेला स्वतंत्र गाडी करणं आमच्या आवाक्यातलं नाही. राहिली माझी मोटारसायकल.

पाटोदा ते मांजरसुंबा आणि तिथून घाट उतरून बीड, सगळे मिळून पन्नासेक किलोमीटर. रस्ता आता ऐसपैस झालाय, पण तो करताना कडेची झाडं गेली. लहानपणी आम्ही दोघं सायकलवरून यायचो तेव्हा जागोजागी लिंब — कडुलिंब — होते. आता पाटोदा सुटलं की मांजरसुंब्यापर्यंत ज्याच्याखाली गाडी लावावी असं एक झाड नाही.

लोकांना वाटतं गाडी पळवली की वारं लागतं. उन्हाळ्यात उलट आहे. हवा अंगापेक्षा तापलेली असली की गाडी जितकी पळवाल तितकं जास्त भाजतं. कपडा ओला असला तर मात्र तीच हवा कामाला येते. पाणी उडून जाताना गारवा करून जातं, कूलर दुसरं काय करतो. पण कूलरला खाली टाकी असते, पंप सारखं पाणी वर चढवत असतो. टॉवेलला टाकी नसते. निथळेपर्यंत भिजवलेला सुती टॉवेल डोक्याला गुंडाळा आणि मे महिन्यात दुपारी त्या रस्त्याला लागा, पंधरा मिनिटांत कडक होतो. म्हणून आमचं ठरलेलं होतं. निघताना टॉवेल भिजवायचा, वाटेत दोनदा त्यावर बाटली ओतायची, मांजरसुंब्याला धाब्यावर पुन्हा भिजवायचा. सीटवर ओलं पोतं. दोघांनाही पूर्ण बाह्यांचे पांढरे शर्ट. भाऊच्या खिशात एक कांदा. कांद्याने ऊन लागत नाही हे मला मान्य नाही, पण तो वहिनीचा आग्रह आणि वहिनीशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

हे सगळं नीट चाललंय अशी माझी समजूत होती. तरी दर खेपेला हॉस्पिटलात वजन केलं की भाऊ तीन-साडेतीन किलोंनी वाढलेला. टेक्निशियन मला बोलायचे. मी वहिनीला बोलायचो. वहिनी रडायची आणि शपथ घ्यायची की घरात मोजूनच देते. एप्रिलमधली गोष्ट, गाडीचा आरसा जरा खाली सरकला होता तो मी चालता-चालता नीट करायला गेलो, तर आरशात भाऊ दिसला. डोक्याच्या टॉवेलचं टोक तोंडात धरून पोरासारखं चोखत होता. डोळे मिटलेले होते.

मी गाडी उभी केली आणि रस्त्यावर तमाशा केला. किती बोललो ते आता आठवावंसं वाटत नाही. मी ज्या पाण्याने त्याला गार ठेवत होतो तेच पाणी तो पीत होता. बरं, टॉवेल भिजवला नाही तर उन्हाने जाणार. भिजवला तर पाण्याने जाणार. मी करायचं काय?

मग मी डोकं लढवलं. कूलरच्या जाळीत आपण जो लाकडी भुसा भरतो — लांब लांब कुरळ्या सालींचा असतो तो — तो दोन गोणपाटांच्या मध्ये शिवून एक जाकीट केलं. ओलं केलं की छाती-पाठ गार राहायची आणि चोखायला गेलं तर जीभ कडू. मांजरसुंब्याचा धाबेवाला म्हणाला, "कूलरच घालून फिरायलाव का आता?" मला त्याचं काही नव्हतं. पण किडनीच्या माणसाला अंगाला तशीच खाज सुटते, त्यात ते गोणपाट. तिसऱ्या खेपेला भाऊच्या पाठीवर रक्ताचे ओरखडे. जाकीट अजून दुकानात माळ्यावर पडलंय.

म्हणजे पुन्हा टॉवेल, आणि तोही कोरडा.

तो दिवस शुक्रवार. मे महिना अर्धा झालेला, आणि कूलरवाल्याचा मे म्हणजे जेवायला सवड नसते. सकाळपासून लाइट जात-येत होती, दुकानात नऊ कूलर उघडे पडलेले, फोन सारखा वाजतोय आणि मला अकराला शटर ओढायचं होतं. घरी गेलो तर भाऊ कपडे करून दारात उभा. मी पाण्याची बाटली मुद्दाम घरीच ठेवली. डिकीत असली की तो मागणार, मी नाही म्हणणार, आणि पन्नास किलोमीटर तेच. कोरडा टॉवेल मीच त्याच्या डोक्याला आणि तोंडाला गुंडाळला आणि मागे दोन गाठी मारल्या, सुटू नयेत अशा.

गाडीवर बसायच्या आधी भाऊ म्हणाला, एक घोट दे, तोंडात फिरवून थुंकतो. तो थुंकत नाही हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "पी अन् मर एकदाचा. माजी तरी खेप वाचंल."

वहिनी दारात होती. तिने ऐकलं. भाऊ मागे बसला. डाव्या हातात सुया टोचायची नस केलेली आहे, त्यावर दाब चालत नाही, म्हणून तो उजव्या हाताने माझा खांदा धरून बसतो. त्या दिवशी त्याने खांदा धरला नाही, सीटच्या मागचा दांडा धरला.

गल्लीच्या तोंडाशीच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला आज जमणार नाही म्हणून सांगितलं, फोन खिशात टाकला आणि निघालो. फोनमध्ये ती वेळ अजून आहे, बारा वाजून आठ मिनिटं. लक्षात ठेवा.

पहिली दहा-बारा किलोमीटर तशीच गेली. वारं असं की हेल्मेटच्या काचेतून डोळे झोंबत होते. मी मनातल्या मनात भांडत होतो — एसटीशी, सकाळच्या पाळीशी, गल्लीतल्या तांब्यांशी. मग पाठीवर वजन आलं. भाऊचं डोकं माझ्या पाठीला टेकलं होतं. मी हाक मारली. ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली. त्याचा उजवा हात माझ्या कमरेपाशी लोंबत होता, तो मी डाव्या हाताने धरला. हात भट्टीतल्यासारखा तापलेला आणि कोरडा ठाक. घामाचा थेंब नाही. ऊन लागून घाम बंद झाला म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

आजूबाजूला नांगरलेली रानं. झाड नाही, घर नाही, आणि पाण्याची बाटली मी स्वतःच्या हाताने घरी ठेवलेली. थांबून करणार काय होतो? उन्हात आडवा केला असता तर डांबरावर भाजला असता. मी त्याचा हात माझ्या पोटाशी घट्ट धरला, तसाच एका हाताने गाडी हाणली. थांबलो नाही, कुठेच थांबलो नाही. आयुष्यात मला एवढी खात्री दुसऱ्या कशाची नाही. मी मोठ्याने काहीतरी बडबडत होतो, बहुतेक शिव्याच.

मांजरसुंबा जवळ आलं तसं पाठीला गार लागलं. मला वाटलं भाऊला उलटी झाली. धाब्यासमोर ब्रेक मारला तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा वाजला, तो मी कट केला. बारा वाजून सेहेचाळीस. तीसेक किलोमीटरला अडतीस मिनिटं, म्हणजे वाटेत थांबायला एक मिनिटही उरत नाही. हे मी नंतर शंभरदा मांडून पाहिलंय.

उतरलो आणि वळून पाहिलं. भाऊ ताठ बसला होता. डोळे स्वच्छ. डोक्याचा टॉवेल निथळत होता. कानाच्या मागून, हनुवटीवरून पाणी गळत होतं, शर्टाची कॉलर भिजलेली, माझी पाठ भिजलेली. सीटवरचं पोतं मात्र कोरडं, आणि त्याची पँटही कोरडी. धाबेवाला पाण्याचा जग घेऊन बाहेर आलेला, तो बघतच राहिला. म्हणाला, "पावसातून आलाव का काय?"

मी टॉवेलच्या गाठी चाचपल्या. माझ्याच दोन्ही गाठी होत्या, घट्ट. सोडून टॉवेल पिळला. धार लागली. रांजणातून आत्ता काढल्यासारखं गार पाणी. मी जिभेला लावून पाहिलं, घाम असेल तर खारट लागेल म्हणून. खारट नव्हतं. मी भाऊवर ओरडलो की हे पाणी कुठून आलं, बाटली लपवून आणलीस का. त्याचे खिसे उलटे केले. कांदा निघाला, बस.

"कावून वरडायलास? तूच की भिजिवला," भाऊ म्हणाला.

"मी? कवा?"

"आता मघाशी. लिंबाखाली थांबिवलतीस न्हाई का गाडी. घागर व्हती तितं. डोक्यावर वतलंस, मंग म्हनलास वंजळ धर. मी म्हनलं बाबा वजन वाढंल, डाक्टर वरडंल. तर तू म्हनलास, पी. पोटभर पाजलंस. लई दिसानी पोटभर पिलो."

"कंचा लिंब, भाऊ? लिंब हायेत का त्या रस्त्यानं आता?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मलाच ऊन लागलंय अशा नजरेने. मग म्हणाला, "पाजलंस, मंग बोललास बी." काय बोललो, विचारलं. तो म्हणाला, जाऊ दे, तुला आठवंना तर जाऊ दे.

मी टॉवेल पिळून त्याच्या खांद्यावर टाकला. तिथून घाट, मग बीड, अर्धा तास, तीच झळ. हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा टॉवेलमधून पुन्हा पाणी ठिबकत होतं. पुन्हा सांगतो, मी तो पिळला होता, धाब्यावर भिजवला नव्हता. आत शिरलो तर वॉर्डातल्या मावशी माझ्यावर उखडल्या की आत्ता फरशी पुसलीय आणि तुम्ही तळं करताय. त्या फडकं घेऊन आमच्या मागे मागे आल्या. त्या दिवशी माझ्या बाजूने साक्ष द्यायला त्या मावशी आहेत, एवढं बरं झालं.

आणि भाऊने टेक्निशियनना खरं ते सांगून टाकलं. म्हणाला, साहेब, आज पोट फुटंस्तोवर पाणी पिलोय, भावाने पाजलंय, आधीच सांगतो. टेक्निशियननी माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगली असती तर बरं. वजन केलं. मंगळवारपासून सव्वा किलो वाढ. दोन वर्षांतली सगळ्यात कमी. त्यांना वाटलं काटा बिघडला. त्यांनी स्वतः चढून पाहिलं, मला चढवलं. काटा ठीक होता. छातीत पाणी नाही, पायांना सूज नाही, ताप नाही. तासाभरापूर्वी ज्याचा हात मला भाजत होता त्या माणसाला ताप नाही.

चार तास मशीन चालली. मी टॉवेल खिडकीच्या गजावर टाकून पंख्याखाली बसून राहिलो, नजर न काढता. मला बघायचं होतं हा वाळतो कसा. संध्याकाळी निघालो तेव्हाही दमट होता. सकाळी घरी पाहिला तर वाळलेला, बाकीच्या टॉवेलांसारखा टॉवेल.

आता मी काय तपासलं ते सांगतो. पुढच्या आठवड्यात दुकान बंद ठेवून, तोच टॉवेल भिजवून, एकटाच त्या रस्त्याने गेलो. तीन दुपारी गेलो. एकदा चौदा मिनिटांत वाळला, एकदा अठरा, एकदा या दोहोंच्या मधे. पाटोदा ते मांजरसुंबा दोन्ही बाजूंनी गाडी हळू घेऊन लिंब शोधला. बुंधेसुद्धा उपटून नेलेत. कुठे पाइप फुटलाय का, कोणी रानात पाणी सोडलं होतं का, तेही विचारून आलो. त्या भागात तेव्हा माणसांना टँकर होता, रानात कोण सोडतंय.

लोकांनी अर्थातच कारणं दिली. शाळेत विज्ञान शिकवणारा माझा मित्र म्हणाला, उन्हात भास होतात. होतात ना. भास भाऊला झाला, मान्य. मग फरशी मावशींनी कशाची पुसली? तर तो म्हणाला, काहीतरी असेल. एवढं शिकून 'काहीतरी असेल'! माझ्या आत्याने सांगितलं देवाने राखलं, नारळ फोड. फोडला. तिचं समाधान झालं, माझं नाही. आणि बायको जे म्हणाली ते सगळ्यात वाईट. ती म्हणाली, "तुमीच थांबला असाल. तुमच्या ध्यानात न्हाई." मी तिला फोनमधल्या दोन्ही वेळा दाखवल्या. तिने मान हलवली, पण तिच्या तोंडावर दिसत होतं की तिला तेच वाटतंय. तिला ते वाटायला हवंय, असंही मला कधीकधी वाटतं.

भाऊचं काय, तर तो दिवस गेला आणि त्याची तहान गेली. खरंच गेली. दुपारी चपला घालून निघणं बंद. आता कोणी तांब्या पुढे केला तर दोन घोट घेतो आणि परत देतो. वजन मापात. डॉक्टर म्हणतात भावाने चांगली शिस्त लावली. कसली शिस्त? दोन वर्षं मी रक्त आटवलं, ओरडलो, घरोघर फिरलो, जाकीट शिवलं, त्याने काही झालं नाही. ते कोणीतरी एका दुपारी ओंजळीने करून गेलं, आणि तेही माझं तोंड घेऊन.

भाऊ बाजारात भेटेल त्याला सांगतो की माझ्या धाकट्याने त्या दिवशी मला पाणी पाजलं म्हणून मी हाय. लोक माझी पाठ थोपटतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला सांगायचो की मी नव्हतो. भाऊचा चेहरा उतरायचा. मग सांगायचं सोडून दिलं. पण तुम्हाला सांगतो, मी नव्हतो. मी त्या दिवशी त्याला एक घोटसुद्धा दिला नव्हता, आणि दाराशी जे बोललो होतो ते बोललो होतो. त्याची लाज मला आहे. ज्याचे तो उपकार मानतो तो दुसरा कोणी असेल तर त्याने निदान मला एकदा तोंड दाखवावं.

कारण सापडलेलं नाही. एकवीस वर्षांत हा एक कूलर मला उघडता आलेला नाही. हे लिहून पाठवायचं गेल्या मंगळवारपर्यंत माझ्या मनातही नव्हतं.

गेल्या मंगळवारीही निघताना तसंच झालं होतं. फोन, लाइट, गिऱ्हाईक, आणि मी घरी येऊन कांद्यावरून वहिनीवर खेकसलो, मग उशीर केला म्हणून भाऊवर. तो दांडा धरून मागे बसला. डोंगराकडून झळा येत होत्या, रस्ता मोकळा होता. पाचेक किलोमीटर गेल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक, मी गाडी हळू केली. असलं काही बोलायची आमच्यात पद्धत नाही. तोंड पुढे होतं म्हणून बोलता आलं, समोरासमोर आलं नसतं. मी म्हणालो, "भाऊ, कावतो मी. पर तुज्यावर न्हाई रे. तू मरशील म्हनून भ्या वाटतं."

मला वाटलं वाऱ्यात त्याला ऐकूच गेलं नाही, आणि पुन्हा म्हणायची माझी हिंमत नव्हती. मग त्याने माझा खांदा धरला.

"म्हाईतंय," तो म्हणाला. "लिंबाखाली हेच बोललास की."